बाकीवर नजर ठेवा

तेल्हाऱ्याच्या बाजारात शंभर रुपये सात भागीदारांत वाटा. प्रत्येकी १४ रुपये २८ पैसे देऊनही ४ पैसे उरतात. १ ला ७ ने भागलं, तरी ०.१४२८५७ नंतर पुन्हा १४२८५७ हेच चक्र. असं का? सातने भागताना बाकी १ ते ६ यांतलीच उरणार. जुनी बाकी परत आली, की जुनेच आकडे परत येणार.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा चक्रांचा अभ्यास केला, तोही संगणक हाताशी नसताना.

आज संगणकाला १ भागिले ९७ विचारा. साध्या भागाकारात पंधरा-सोळा आकडेच खात्रीचे मिळतात. चक्र मात्र ९६ आकड्यांचं आहे! म्हणून प्रोग्रॅममध्ये शाळेतलाच भागाकार लिहायचा. बाकीला दहाने गुणा, ९७ ने भागा, आलेला आकडा लिहा, नवी बाकी नोंदवा. नोंदलेली बाकी पुन्हा दिसली, की चक्र पूर्ण. बाकी शून्य आली, तर चक्रच नाही.

आधी १३ घेऊन वहीत करून पाहा. सहाव्या पायरीला १ ही बाकी परत भेटेल. मग प्रोग्रॅम लिहायला बसा.