गजकर्ण : गुरांचे आणि माणसांचे

पेडणे तालुक्यातील मांद्रे हे समुद्रकाठचे गाव. मृग नक्षत्रापासून येथे हवा दमट राहते, कपडे नीट वाळत नाहीत आणि गोठ्यात ओल असते. गजकर्ण व नायटा यांना अशीच परिस्थिती मानवते. रक्त बिघडल्यामुळे हे विकार होतात, असा समज अजूनही आढळतो. वास्तविक त्यांचे कारण बुरशी हे आहे.

बुरशी ही वनस्पती नव्हे व प्राणीही नव्हे. हरितद्रव्याच्या अभावी तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या बुरशीचीच काही भावंडे त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनावर जगतात. त्यांचे तंतू कातडीच्या वरच्या थरात चोहोबाजूंनी पसरतात. म्हणून चट्टा वर्तुळाकार होतो, कड लाल राहते आणि मधला भाग निवळल्यासारखा दिसतो.

वासरांच्या डोळ्यांभोवती व मानेवर राखी रंगाच्या जाड खपल्या धरतात, त्या ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीमुळे. गुरांना हाताळणाऱ्यांना व मुलांना तिचा संसर्ग होतो. मांजरे व कुत्री यांच्यापासून मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी येते. वासराचे चट्टे काही महिन्यांत आपोआप बरे झाले, तरी दावे, खुंटा व खरारा यांवर बीजाणू कित्येक महिने जिवंत राहतात.

माणसांतील गजकर्ण अलीकडे अधिक चिवट झाले आहे. २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालेली बुरशी माणसाकडून माणसाकडे पसरते आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला पुष्कळदा जुमानत नाही. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज लगेच थांबते. परंतु त्वचेचा प्रतिकार दबतो व बुरशी फोफावते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

बांधावर उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे नाव आहे. तथापि पाल्याच्या लेपावर विसंबून उपचार लांबवू नये. कपडे व पंचे वेगळे ठेवून उन्हात वाळवावेत, अंग कोरडे ठेवावे, आजारी वासरू वेगळे बांधावे, त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे. घरात एकापेक्षा अधिक जणांना चट्टे असल्यास सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे. चट्टा दिसेनासा झाला, तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी. अर्धवट सोडलेला उपचार हाच या रोगाला पुन्हा घरात आणतो.