लिंबावरील अळी व राणी पाकोळी

वसई तालुक्यातील कामण हे गाव तुंगारेश्वरच्या डोंगररांगेलगत वसले आहे. पाऊस ओसरला की येथील बांधांवर व परसांत फुलपाखरे दिसू लागतात. त्यांचे छायाचित्र घ्यावयाचे असल्यास प्रथम मादी ज्यावर अंडी घालते ते झाड शोधावे; कारण प्रत्येक जातीची अळी ठराविक वनस्पतींचीच पाने खाते. काहींना रुई लागते, काहींना टाकळा, तर काहींना आंबा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने लिंबू विशेष महत्त्वाचे होय. त्याच्या कोवळ्या पानावर फिकट पिवळे, मोहरीएवढे अंडे आढळते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुहेरी शिंग बाहेर येते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही याच वर्गातील झाडांवर वाढते. म्हणून अळी दिसताच सरसकट औषध फवारू नये. मोठे झाड थोडी पाने गमावून सावरते. लहान रोपे मात्र निष्पर्ण होतात. तेथील अळ्या हाताने वेचून परसातील जुन्या लिंबावर सोडाव्यात.

सकाळच्या कोवळ्या उन्हात, आपली सावली पडू न देता, मोबाईलने अंडे, अळी, कोष व झाडाचे पान यांची छायाचित्रे घ्यावीत; सोबत तारीख व जागा लिहावी. अशी नोंद ठेवल्यास रोपांवर कोणत्या महिन्यात लक्ष ठेवावे, हे पुढील वर्षी गावच्याच अनुभवावरून ठरविता येईल.