वडनेर, दमादमानं

सकाळी सहा

नोव्हेंबर संपत आला की या वेळी हिंगणघाटहून वडनेरकडं येताना हायवेच्या कडेची वावरं नीट दिसत नाहीत. धुकं असतं, आणि त्याच्याखाली चुलींचा धूर दबून बसलेला असतो. थंड हवेत तो वर चढत नाही. गावात शिरलं की अंगणाअंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली, शेजारी मागच्या सालच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा. फुकटचं जळण, चटकन पेटतं. २०१६ साली उज्ज्वला आली, सिलिंडर पोचले, चहा-भाजी गॅसवर होते. पाणी तापवायचं आणि भाकरी टाकायची म्हटलं की मात्र चूलच.

मी फिजिओथेरपिस्ट. गुडघे शेकणारी बाई, अशी माझी ओळख. पण माझी सकाळ जाते ती छातीच्या रुग्णांत. सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, टीबी बरा झाल्यावर मागं राहिलेली डागाळलेली फुप्फुसं, जुना दमा. गावात या सगळ्याला एकच नाव आहे, 'दम लागते'. पुरुषांमागं बिडी असते. बायकांपैकी कितीतरी जणींनी बिडी हातातही धरलेली नसते. त्यांच्यामागं चूल असते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की धूम्रपान न करणाऱ्यांच्या सी.ओ.पी.डी.कडं जगाचं दुर्लक्ष झालंय. वडनेरच्या कुठल्याही सपरीत ते पाहायला मिळतं.

सहाला मी कुणालाही व्यायामाला काढत नाही. 'पहाटेची शुद्ध हवा' हे पुस्तकातलं वाक्य झालं. हिवाळ्यात इथली सहाची हवा माझ्या रुग्णांसाठी दिवसातली सर्वांत वाईट. ऊन येईपर्यंत घरभेटी.

साडेसात

पहिलं घर जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या मामाजींचं. हिंगणघाटचा कापूस जगभर गेला. त्याची धूळ इथल्या माणसांच्या छातीत राहिली. तरुणपणी सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळायची, मग आठवडाभरात हलकं वाटायचं, असं ते सांगतात. कापसाच्या धुळीच्या आजाराची, बायसिनोसिसची, ही जुनी खूण. हा आजार कारखाना कायद्याच्या यादीत आहे. त्यांच्या कुठल्याही कागदावर मात्र तो नाही. 'दमा' एवढंच लिहिलेलं.

मामाजी बाजेवर. सून पाण्याचा तांब्या हातात देते, मुलगा चपला पायापाशी सरकवतो. "आम्ही बाबांले उठूच देत नाही, मॅडम," तो अभिमानानं सांगतो. खरंच चांगलं पोरगं आहे, आणि बापाचं नुकसान करतंय. धोतराखालून दिसणाऱ्या मांड्या पाहिल्या की कळतं. श्वास लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की पायांचे स्नायू झिजतात. झिजलेला स्नायू थोड्याशा कामानंही लवकर आम्ल सोडतो, ते निभावायला श्वास आणखी वाढतो, आणि पुढच्या वेळी अंगणातच दम लागतो. मग बाज. फुप्फुस तर बिघडलेलं असतंच; पाय रोज थोडे बिघडत राहतात. फुप्फुसाचं मला काही करता येत नाही, पायांचं करता येतं. माझा सगळा धंदा एवढ्यावर चालतो.

"पंप दाखवा."

मामाजी पंप, म्हणजे इनहेलर, तोंडाशी धरतात, फुस्स करतात आणि लगेच सोडून देतात. औषध जिभेवर. हे मी घराघरात पाहते. म्हणून आधी पूर्ण श्वास बाहेर, पंप हलवून स्पेसरच्या नळकांड्याला लावायचा, दाबायचा, सावकाश आत ओढायचं, मनात दहा मोजेपर्यंत कोंडायचं. दुसरा डोस मिनिटभरानं, आणि स्टिरॉइड असेल तर शेवटी गुळणी. तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा नीट जमलं तेव्हा ते म्हणाले, "हे त आजवर कोणं सांगतलंच नाही जी."

साडेआठ

आता ऊन आलं. समाजमंदिराच्या अंगणात तीस मीटर मोजून दोन टोकांना वीट ठेवली आहे. खुर्च्या आहेत, वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या आहेत आणि कोरोनात कुणीतरी घेतलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आहे. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे छातीच्या रुग्णांना पुन्हा चालतं करणं, म्हटलं की ट्रेडमिल डोळ्यांसमोर येते. ती असली तर उत्तमच. नसली तरी अडत नाही.

सुरुवातीला प्रत्येकाची सहा मिनिटांची चाल मोजतो. या विटेपासून त्या विटेपर्यंत, जमेल तेवढ्या वेगानं. लागलं तर थांबायचं, घड्याळ मात्र चालू. काही आठवड्यांनी पुन्हा. साधारण तीस मीटरची वाढ झाली तर रुग्णाला फरक जाणवतो असं धरतात, म्हणजे आमच्या अंगणातली जेमतेम एक खेप. आज शेजारच्या वस्तीतल्या आजींची दुसरी मोजणी होती. चौथ्या मिनिटाला त्या थांबल्या, दोन्ही हात गुडघ्यावर टेकले, मान खाली. मी काही बोलले नाही. त्यांनी नाकानं श्वास घेतला, ओठ शिट्टीसाठी करतात तसे केले आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून हळू सोडला. दोनदा, तीनदा. मग पदर खोचला आणि निघाल्या. मागच्या वेळी याच जागी त्या घाबरून खाली बसल्या होत्या.

त्या फुंकरीत जादू नाही. अरुंद नळ्यांतून हवा आत जाते सहज, बाहेर मात्र पुरती निघत नाही. घाईनं श्वास घेतला की जुनी हवा आतच राहते आणि वर नवी कोंबली जाते. गच्च भरलेल्या कापसाच्या बोऱ्यात आणखी एक मूठ दाबावी तसं. छाती फुगलेलीच राहते आणि माणसाला वाटतं, श्वास आत जात नाही. खरं तर तो बाहेर जात नसतो. ओठ आवळून सोडलं की नळ्या मिटत नाहीत, आतली हवा निघते, जागा होते.

मग खरा व्यायाम. चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं. किती जोरात? शून्य ते दहामध्ये दम किती, हे मी विचारते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. उत्तर चार ते सहाच्या मध्ये यायला हवं. दोन आलं तर व्यायाम होत नाहीये. नव्या माणसाला पटत नाही ते हेच, की दम लागू द्यायचाय. डॉक्टरकडं आलो दम घालवायला आणि ही बाई दम लावते! पण बेताचा, ठरवून लावलेला दम धोक्याचा नाही. छातीत दुखणं, चक्कर, यंत्रावर ८८च्या खाली आलेला आकडा, यांपैकी काही झालं तर लगेच थांबायचं. आणि हृदयाची तपासणी, रक्तदाब आणि टीबीची शंका असेल तर थुंकीची तपासणी झाल्याशिवाय मी कुणाला अंगणात घेत नाही.

आठवड्यातून दोनदा असं एकत्र, बाकी दिवस घरी, किमान सहा ते आठ आठवडे. आजींनी आज मागच्यापेक्षा दीड खेप जास्त मारली. "मंदिरात जाऊन आली परवा," त्या म्हणाल्या. "बसली नाही मधात."

अकरा

खुर्च्या आत, चहा बाहेर. वर्षानुवर्षं डॉक्टरच अशा रुग्णांना विश्रांती सांगत आले. न्यूयॉर्कचे डॉ. अल्वान बराक यांनी १९५२च्या सुमारास ऑक्सिजन देऊन रुग्णांना चालवलं, ते बरेच चालू लागले, आणि कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६९ साली डेन्व्हरच्या डॉ. थॉमस पेटी यांनी शिक्षण, श्वासाचं तंत्र आणि व्यायाम एकत्र बांधलेला कार्यक्रम प्रसिद्ध केला, तिथून गाडी रुळावर आली. २०१५च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. दम, थकवा, चालण्याची ताकद, मनाची उभारी, सगळ्यात फायदा दिसला. फुंकून करायच्या चाचणीतला आकडा मात्र यानं वाढत नाही. सेवाग्राम किंवा सावंगीच्या इस्पितळातून तो कागद पुन्हा काढून आणलेले रुग्ण हिरमुसतात: "रिपोर्ट त तसाच हाय." रिपोर्ट तसाच असतो, माणूस मंदिरात जाऊन आलेला असतो. मी दुसरी गोष्ट मोजते.

दुपारी एक

कापूस वेचणीचे दिवस. बायका अंगणात येत नाहीत, वावरात असतात. किलोवर मजुरी, सकाळचे दोन तास माझ्याकडं घालवले तर भाव कोण देणार? एकीनं मला सरळ विचारलं होतं, "मी दिवसभर वेचते, तो व्यायाम नाही का?" प्रश्न चोख होता. वेचण्यात दमणूक आहे, पण ती वाढत्या मापाची नाही. कंबर वाकलेली, छाती दबलेली, नाकाशी धूळ, पाय जवळपास जागच्या जागी. ताकद त्यानं येत नाही, संपते. म्हणून तिच्यासाठी वेगळा हिशेब: वाकताना श्वास सोडायचा, ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, नाकातोंडावर दुपट्टा, आणि संध्याकाळी चुलीपाशी बसण्याआधी उठ-बस. वेचणी संपली की अंगण. हे अर्धवट आहे हे मला माहीत आहे. पण पूर्ण कार्यक्रम मजुरीवाल्या बाईला परवडत नाही, हा दोष तिचा नाही.

डब्यात भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी. जेवणाचंही याच वेळी बोलून होतं. या रुग्णांचं वजन घटतं, कारण नुसता श्वास घ्यायलाच ताकद खर्च होते, आणि पोट भरलं की श्वासाचा पडदा वर दाबला जाऊन दम लागतो म्हणून ते कमी खातात. थोडं थोडं चार-पाचदा खा, वरण घट्ट ठेवा, अंडं चालत असेल तर रोज. डाळीविना स्नायू व्हायचा नाही.

तीन

टीबीचा कोर्स पूर्ण केलेला तरुण ड्रायव्हर. थुंकी स्वच्छ, कागदावर 'बरा'. तरी ट्रकच्या केबिनमध्ये चढताना थांबावं लागतं. बरा झालास म्हणून सगळे अभिनंदन करतात, पुढं काय ते कुणी सांगत नाही. कार्यक्रम तोच. वय कमी आहे, पाय लवकर उचलतील.

साडेचार

फोन. एका काकांचा खोकला वाढलाय, बेडका हिरवा झालाय. व्यायाम बंद, आजच दवाखाना. अशा बिघाडानंतर इस्पितळातून घरी आलेल्या माणसाला पुन्हा चालतं करणं सर्वांत गरजेचं असतं, आणि तेव्हाच घरचे त्याला झोपवून ठेवतात. हे फक्त आपल्याकडं आहे असं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, सी.ओ.पी.डी.साठी भरती झालेल्या दोन लाखांजवळ वृद्धांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी लोकांनी नव्वद दिवसांत रिहॅब सुरू केलं होतं. ज्यांनी केलं, त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू कमी दिसले. सगळ्या सोयी असलेल्या देशाची ही कथा. भारतात १९९० साली सी.ओ.पी.डी.चे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ साली साडेपाच कोटी. त्यांतल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर पंप असतो, गोळी असते; चालणं नसतं.

सहा

परतायची वेळ, आणि चुली पुन्हा पेटायला लागतात. मामाजींच्या घरी जाता जाता डोकावले. मुलाशी करार झाला आहे: तांब्या बाजेवर द्यायचा नाही, माठापर्यंत त्यांनी स्वतः जायचं, दिवसातून सहा वेळा. आणि पाण्याची चूल बाजेच्या बाजूनं हलवून वाडीच्या टोकाला. चूल हलवली. तांब्याचं त्याला अजून जड जातंय.

एक गोष्ट सांगून ठेवते. सहा-आठ आठवड्यांत मिळवलेलं, सोडून दिलं तर साधारण वर्षभरात ओसरतं. कोर्स संपला तरी चालणं संपत नाही. तुमच्या घरी कुणी दम लागतो म्हणून बसून असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरकडं पंपाची चिठ्ठी घेताना एवढं विचारा: यांना किती चालवू, कुठं थांबवू, आणि हे शिकवेल असं जवळ कोण आहे? उत्तर मिळेपर्यंत पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात नेऊन देऊ नका.