'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या एखाद्या हरहुन्नरी दिग्दर्शकावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. हॉवर्ड हॉक्स लगेच आठवला: गुंडपट, प्रहसन, वेस्टर्न, सगळ्यांत पटाईत. पण त्याच काळात पुण्यात एक मराठी माणूस हेच करत होता. म्हणून समुद्रकाठच्या काशीदच्या घरी मी व्ही. शांताराम यांचे सिनेमे पुन्हा बघायला घेतले.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते तयार झाले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. 'अयोध्येचा राजा' पौराणिक, 'धर्मात्मा' संतपट, 'अमरज्योती'त चाच्यांची म्होरकी झालेल्या दुर्गा खोटे, 'माणूस'मध्ये पोलीस आणि वेश्या.

पण मी अडकलो १९३७च्या 'कुंकू'त. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. कानावर येतात ते त्या घरातले, त्या गल्लीतले आवाज. आता रडा, आता घाबरा, असं सांगायला व्हायोलिनं येत नाहीत. त्यामुळे शांता आपटेंच्या नीराचा प्रत्येक नकार थेट अंगावर येतो. केशवराव दात्यांचा म्हातारा आरसा फोडतो, तेव्हा तुकड्यातुकड्यांतून त्याचाच चेहरा त्याला हिणवतो.

तीनच वर्षं आधी, 'अमृतमंथन'मध्ये, याच माणसानं टेलिफोटो भिंग लावून चंद्रमोहनचा डोळा पडदाभर केला होता. तिथे सगळा भर नजरेवर, इथे कानावर. विषय बदलला की हत्यार बदलायचं, हीच त्यांची शिस्त. पुढे स्वतःची 'राजकमल' ही संस्था काढल्यावर 'दो आँखें बारह हाथ'साठी बैलाशी झुंजताना डोळ्यांना इजा झाली, तरी ते थांबले नाहीत. १९५८ मध्ये त्या सिनेमाला बर्लिन महोत्सवाचं रौप्य अस्वल मिळालं.

काळजी वाटते ती या सिनेमांच्या फिल्मची. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्यालाही जुमानत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो. जानेवारी २००३ मध्ये 'प्रभात'च्याच जुन्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, आग लागून हजारो नायट्रेट रिळं गेली; त्यांत 'प्रभात'चीही होती. नंतरची ॲसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण उष्ण दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आकसते आणि प्रोजेक्टरवर चढेनाशी होते. काशीदला एका पावसाळ्यात दाराची बिजागरी गंजते. तिथे फिल्मची काय कथा! तिला बारमाही थंड, कोरडी खोली हवी. डिजिटल प्रतही जिच्यावरून काढली त्या फिल्मइतकीच स्वच्छ निघते. 'कुंकू'मध्ये तर सगळा खेळ बारीक आवाजांचा. ध्वनिपट्टी खरखरली की दिग्दर्शकाचा निर्णयच ऐकू येत नाही. शांतारामांच्या नावानं पुरस्कार देतो, तेवढ्याच अगत्यानं त्यांच्या ध्वनिपट्ट्या दुरुस्त करायला पैसा द्यायला हवा.