रणातून परतलेल्याचे ऐकावे कोणी?

सीमेवरून परतलेला जवान गावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरतो, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील बहुतेक गावांत एकच दृश्य दिसते. हलगी कडाडते, गुलाल उधळला जातो, उंबऱ्यावर आई भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि लौकरच घरची मंडळी त्याला घेऊन तुळजापूरची वाट धरतात; कारण त्याच्यासाठी बोललेला नवस भवानीच्या पायाशी फेडावयाचा असतो. या स्वागतात खोटे काहीच नाही. उणे आहे ते एवढेच, की गुलाल झटकून झाल्यावर त्या माणसाशेजारी बसून त्याचे ऐकणारे फारसे कोणी उरत नाही.

प्रश्न विचारले जातात. पण त्यांची उत्तरे विचारणाऱ्याने आधीच ठरविलेली असतात. शत्रू किती लोळविले, भीती तर वाटली नाही ना, पुन्हा जाणार ना? जवान हसून वेळ निभावून नेतो. तो मनापासून बोलू लागला, तर बहुधा पराक्रमापेक्षा सोबत्यांविषयी अधिक बोलेल, आणि ते ऐकण्याची आपली तयारी नसते.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीवर त्यांनी शत्रूची मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, एवढे आपण अभिमानाने सांगतो. तथापि त्या गोळीबारात त्यांनी प्रथम आपल्या दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून वाहून आणले होते. हा क्रम लक्षात घेतला, म्हणजे सैनिकाच्या लेखी युद्धाचा अर्थ काय असतो, हे थोडेफार उमगते. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक त्यांनी भारताला मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. आपले कान किती उशिरा उघडतात, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

या जिल्ह्याला तर हा धडा घरचाच आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्गजवळच्या बोरी नदीवरील पूल ताब्यात घेऊन पुढे सरकले आणि पाच दिवसांत निजामी राजवट संपली. मुक्तीचा तो आनंद रास्तच होता. पण त्याच दिवसांत सामान्य माणसांनी जे भोगले, तेही घडलेच होते. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. ज्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले, त्या सैनिकांचे व गावकऱ्यांचे कथन आपण वेळीच टिपून ठेवले असते, तर आज दर १७ सप्टेंबरला भाषणांखेरीज आणखीही काही आपल्या हाती राहिले असते. साक्षीदार गेल्यावर घोषणा तेवढ्या उरतात.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी निधीच्या डब्यात नाणे टाकून आपण मोकळे होतो. त्या दिवशी गावच्या शाळेने माजी सैनिकाला हार घालून खुर्चीवर बसविण्याऐवजी मुलांमध्ये बसवावे, त्याला हवे तेवढे बोलू द्यावे, नको तेथे थांबू द्यावे आणि त्याच्या संमतीने ते लिहून ठेवावे. त्यास खर्च वहीपुरताच येईल.

असे ऐकू लागलो, की त्याचे आजचे प्रश्नही आपोआप कानी पडतील. साधा जवान बहुधा ऐन उमेदीतच पलटण सोडतो. पुढे त्याच्यासमोर असते ती अवर्षणाने गांजलेली कोरडवाहू जमीन, मुलांचे शिक्षण आणि कचेरीचे हेलपाटे. सैनिक कल्याण कार्यालये आपल्या परीने काम करतात. परंतु गावाची आपुलकी ती काही कार्यालयाने द्यावयाची वस्तू नव्हे. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहाऱ्याकडील ढिगाऱ्यांखालून माणसे काढण्यास सैनिक धावून आले होते. तेव्हा त्यांनी आपला आक्रोश ऐकला. आता त्यांचे ऐकण्याची पाळी आपली आहे.