हळू चालवली की गाडी झटके का मारते?

रामनवमीच्या यात्रेला मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाताना गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने न्यावी लागते. सायलेन्सर बदललेल्या बाइकचं दुखणं नेमकं तिथे बाहेर पडतं: वेगात झकास, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मात्र मिसिंग.

एप्रिल २०२०च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर इंधन-इंजेक्शन सर्रास झालं. कार्ब्युरेटरसारखा स्क्रू पिळून आता भागत नाही. कमी वेगात ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो आणि एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा राखू पाहतो. नव्या सायलेन्सरचं गॅस्केट नीट बसलं नसेल आणि फट सेन्सरजवळ असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू उगाच जास्त सोडतो. इंजिन थंड असताना चालू करून लगेच सांध्यावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले की चोर सापडला.

मग थ्रॉटल बॉडीची काजळी, एअर फिल्टर, इनटेकचं चिरलेलं रबर पाहा. चेनही बघाच. सैल चेन हुबेहूब असेच झटके देते, आणि तिच्यावर संशय कुणी घेत नाही! ईसीयूचा महागडा ‘मॅप’ (किती पेट्रोल सोडायचं याचं कोष्टक) बदलण्याची भाषा त्यानंतर.