शिंगेत्ती : वाटेवरचं गाव आडबाजूला कसं पडलं

गेल्या आठवड्यात आपण मॉरिटानियाच्या लोहखनिजाच्या गाडीबद्दल वाचलं. झुएरातच्या खाणींपासून नुआदिबूच्या बंदरापर्यंत धावणारी ती दोन-अडीच किलोमीटर लांबीची गाडी वाटेत शूम नावाच्या ठाण्यावर थांबते. तिथून दक्षिणेला अतार, आणि अतारहून आद्रारच्या पठारावर चढलं की शिंगेत्ती.

प्रवासवर्णनांत या गावाची विशेषणं ठरलेली आहेत. वाळूत हरवलेलं, जगाच्या टोकाचं, इस्लामचं सातवं पवित्र शहर. हे शेवटचं तर वाटाड्या ओळख होताच सांगून टाकतो. आधीची सहा कोणती आणि हा क्रम लावला कुणी, असं विचारण्याच्या फंदात पडू नये; अशी सर्वमान्य यादी इस्लामात नाही. पण ते गावाभिमानाचं बोलणं म्हणून सोडून देता येतं. मला खरं खटकतं ते ‘जगाच्या टोकाचं’. कारण शिंगेत्ती शतकानुशतकं ऐन वाटेवर होतं. ते आडबाजूला पडलं अलीकडे, आणि त्याची कारणं सांगता येतात.

आज दिसतं ते जुनं गाव तेराव्या शतकाच्या आसपास वसलं. उत्तरेकडच्या इजिलच्या मिठागरातून मिठाच्या लाद्या निघत, त्या उंटांवर लादून तांडे दक्षिणेला सेनेगल आणि नायजर नद्यांच्या मुलखात जात. तिकडे मीठ दुर्मीळ, म्हणून मोलाचं. परतीच्या वाटेवर बाजरी, कापड, सोनं येई, आणि माणसंही येत, विकत घेतलेली. गावात फिरवताना व्यापाराच्या गोष्टी रंगवून सांगतात. हा भाग बहुधा गाळतात. खजुराच्या बागांत विहिरीचं पाणी शेंदणारे हात मुख्यतः गुलामांचे आणि त्यांच्या वंशजांचे, म्हणजे हरातीन लोकांचे होते. मॉरिटानियात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १९८१ मध्ये, आणि गुलाम बाळगणं हा शिक्षापात्र गुन्हा ठरला तो थेट २००७ मध्ये. बागेच्या सावलीत बसताना एवढं ठाऊक असलेलं बरं.

मिठाइतकंच महत्त्व हजला होतं. पश्चिम सहारातले यात्रेकरू इथे जमत, तांड्यानं मक्केला निघत आणि जिवंत राहिलेच तर काही वर्षांनी पुस्तकं घेऊन परतत. कैरोत आणि मक्केत या लोकांची ख्याती अशी की त्यांच्या सगळ्या मुलखालाच ‘बिलाद शिन्कीत’, शिंगेत्तीचा देश, असं नाव पडलं. अहमद इब्न अल-अमीन अश-शिन्कीती या पंडितानं १९११ मध्ये कैरोत आपल्या मुलखातल्या कवींवर ‘अल-वसीत’ हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यातल्या कविता त्यानं बऱ्याचशा आठवणीतून उतरवल्या होत्या. तिकडच्या मठवजा शाळांत, ज्यांना महाद्रा म्हणतात, मुलं लाकडी पाटीवर धडा लिहीत, पाठ झाला की पाटी धुऊन टाकत. पाठांतर हेच दप्तर.

मग बिनसलं कुठे? एक कारण आपल्या बाजूचं आहे. युरोपातल्या कापडछपाईला डिंक लागे आणि उत्तम डिंक मिळे सेनेगल नदीच्या उत्तरेकडच्या बाभळींतून. तो विकणाऱ्या मूर लोकांना मोबदल्यात हवं असे निळीत बुडवलेलं गडद निळं सुती कापड, आणि तेही हिंदुस्तानातलंच. फ्रेंच व्यापारी ते पाँडिचेरीहून जहाजानं सेनेगलच्या सेंट लुई बंदरात आणत. ‘गिने’ नावाच्या या कापडाचे तागे तिथे चलनासारखे चालत. नदीकाठी असा बाजार उभा राहिल्यावर व्यापाराचा ओढा वाळवंटाच्या पोटातून अटलांटिकच्या किनाऱ्याकडे सरकू लागला. जहाजाशी उंटाची बरोबरी कशी व्हायची?

उरलेलं काम विसाव्या शतकानं केलं. १९०९ च्या जानेवारीत कर्नल गुरोच्या फ्रेंच फौजेनं आद्रार ताब्यात घेतला आणि कारभाराचं ठाणं केलं अतारला. मोटारी आल्या त्या अतारपर्यंत. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा नुआकशोत ही नवी राजधानी काही हजार वस्तीची होती. त्या दशकाच्या अखेरीपासून लांबलेल्या दुष्काळात कळप मेले, माणसं राजधानीकडे निघाली, आणि आज नुआकशोतची वस्ती दहा लाखांच्या वर आहे. शिंगेत्तीची घरं ओस पडली ती या ओघात.

आता तिथे जायचं कसं? नुआकशोतपासून अतारपर्यंत साधारण ४३५ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. वाटेत पोलिसांच्या आणि जाँदार्मरीच्या (निमलष्करी पोलीस दलाच्या) चौक्या आहेत. प्रत्येक चौकीवर परदेशी माणसाला एक ‘फीश’ द्यावी लागते: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्यवसाय, जायचं ठिकाण लिहिलेला कागद. पंचवीस-तीस प्रती घरूनच छापून न्याव्यात. ज्याच्याकडे त्या नसतात तो प्रत्येक चौकीवर वहीत नोंद होईपर्यंत उन्हात उभा राहतो आणि गाडीतले बाकीचे त्याच्या नावानं बोटं मोडतात.

अतारहून पुढची ऐंशीएक किलोमीटरची वाट खडकाळ आहे, अमोग्जारच्या घाटातून जाते, दोनेक तास घेते. घाटात कातळाच्या कपारींत चित्रं आहेत: गायी, नाचणारी माणसं, जिराफ. आज जिथे काटेरी झुडूपही मोजून दिसतं तिथे जिराफ! काही हजार वर्षांपूर्वी सहारात गवत होतं, तळी होती, हे वाचून माहीत असतं; कातळावर ते असं समोर येतं. वाटेत इथे थांबायला चालकाला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर गाडी सुसाट पुढे जाते.

गाव दोन काठांवर आहे. मध्ये रुंद, कोरडं वाळूचं पात्र. एका काठाला नवं गाव, दुकानं आणि राहायच्या साध्या जागा. पलीकडे दगडाचं जुनं गाव. त्याच्या मधोमध मशीद आहे, चुन्यानं न जोडता दगड नुसते रचून बांधलेली, चौकोनी मनोरा असलेली, आणि मनोऱ्याच्या टोकांवर शहामृगाची अंडी बसवलेली. मुसलमान नसलेल्यांना आत प्रवेश नाही. भिंतीबाहेरून जेवढं दिसतं तेवढ्यावर समाधान मानावं आणि उगाच डोकावू नये.

खरी गंमत पुस्तकांची. एकेकाळी इथे तीसेक ग्रंथालयं होती असं सांगतात. आज डझनभर उरली आहेत. ती सगळी घराण्यांची. त्यातलं सर्वांत मोठं हाबोत घराण्याचं, एकोणिसाव्या शतकात सीदी मोहम्मद ऊल्द हाबोत यांनी जमवलेलं, सुमारे १,४०० हस्तलिखितांचं. कुराण आणि मालिकी धर्मशास्त्र तर आहेच, शिवाय व्याकरण, खगोल, वैद्यक, गणित.

आत जाण्याआधी दाराशी जरा थांबावं. कुलूप लाकडाचं असतं, बाभळीच्या जातीच्या चिवट लाकडाचं. किल्लीही लाकडाचीच, आणि दिसते हुबेहूब मोठ्या दातघासणीसारखी: लांब दांडा, टोकाला उभ्या खुंट्या. कुलपाच्या आत वरून छोटे लाकडी खिळे आपल्या वजनानं अडसराच्या भोकांत पडलेले असतात. किल्ली सरकवून वर उचलली की तिच्या खुंट्या नेमक्या त्या खिळ्यांना वर ढकलतात आणि अडसर मोकळा होतो. खुंट्यांची मांडणी प्रत्येक किल्लीची निराळी. लोखंडाचा एक तुकडा नाही, तरी आपल्या दाराचं ‘लॅच’ याच तत्त्वावर चालतं. मालक ते उघडतो तेव्हा खुळखुळ असा कोरडा आवाज येतो, आणि बहुतेक प्रवासी ते पाहायचं सोडून मोबाइल शोधत असतात.

आतली खोली बुटकी, जाड भिंतींची. हस्तलिखितं पत्र्याच्या कपाटांत, खोक्यांत, कुठे कातडी वेष्टनांत. पानं बहुधा युरोपातून आलेल्या कागदाची, काही हरणाच्या कातड्याची. काळी शाई कोळसा आणि डिंक यांची. तोच तो डिंक. मालक एक ग्रंथ उघडून दाखवतो, एका पानावर ग्रहणाची वर्तुळं, दुसऱ्यावर वाळवीनं पोखरलेल्या नागमोडी वाटा. समासात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या टीपा आहेत, आडव्या, तिरप्या, जागा मिळेल तशा. ग्रंथ नुसता ठेवलेला नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या वाचला जात होता, हे त्या समासात दिसतं.

हे सगळं सरकारनं एका चांगल्या, वातानुकूलित इमारतीत का हलवू नये, असा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. घराणी नाही म्हणतात. पूर्वजांनी ग्रंथ वंशजांच्या हवाली केले, ते देऊन टाकणं त्यांना अमानत मोडल्यासारखं वाटतं. संवर्धकांचं म्हणणंही खोटं नाही: कोरड्या हवेनं कागद ठिसूळ होतो, वाळवी आहे, कधी अवचित पाऊस येऊन कच्चं छत गळतं. पण माझा कौल घराण्यांकडे आहे. सात-आठशे वर्षांत सत्ता किती आल्या आणि गेल्या. ग्रंथ टिकले ते कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी नावावर होते म्हणून. शिवाय ग्रंथ गेले तर उरलेल्या माणसांना तिथे राहायला कारण काय? प्रती स्कॅन करून जगभर द्याव्यात, मूळ मात्र तिथेच राहू द्यावं.

वाळूबद्दलही असंच. शिंगेत्ती एका पिढीत गाडलं जाणार, हे भाकीत वर्षानुवर्षं छापून येतं आहे. वाळू येते हे खरंच. ईशान्येचा वारा ती आणतो, जुन्या गावाच्या काही गल्ल्या आता छपराच्या उंचीला आल्या आहेत. पण नांदत्या घराच्या अंगणात वाळू साचत नाही. तिथे रोज सकाळी कुणीतरी ती झाडून, टोपलीत भरून बाहेर टाकतं. माणूस गेला की आधी छत कोसळतं, मग वाळू आत शिरते. टेकड्यांवर झावळ्यांची कुंपणं घालून तिला अडवतातही, पण झाडूएवढं परिणामकारक दुसरं काही नाही.

आता थोडं विषयांतर, कारण ते केल्याशिवाय या गावाबद्दल लिहिणं पुरं होत नाही. १९१६ मध्ये गास्ताँ रिपेर नावाच्या फ्रेंच कप्तानानं सांगितलं, की जवळच्या वाळवंटात आपण शंभरएक मीटर लांबीचा लोखंडी डोंगर पाहिला, आकाशातून पडलेला. त्यानं आणलेला साडेचार किलोंचा तुकडा खरोखरच उल्केचा निघाला. पुढे थेओदोर मोनो हा निसर्गशास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्या डोंगराच्या मागावर होता. अखेर त्यानं निष्कर्ष काढला, की कप्तानानं वालुकाश्माच्या टेकडीलाच उल्का मानलं असावं. तुकडा मात्र कुठून आला ते कोडं कायम आहे, आणि वाटाडे तेवढ्यावरच आणखी एक दिवसाची सहल विकतात.

पर्यटनाचं गणित इथे एका रात्रीत बदलू शकतं. २००७ च्या डिसेंबरात दक्षिणेकडे अलेगजवळ चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली. काही दिवसांत २००८ ची डाकार मोटार शर्यत रद्द झाली आणि पुढे दक्षिण अमेरिकेत हलली. अतारला उतरणारी पॅरिसची विमानंही नंतर बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. मधल्या वर्षांत शिंगेत्तीच्या खानावळी, उंटवाले, मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायका यांनी काय केलं असेल, ते तिथल्या विक्रेत्यांच्या चिकाटीवरून कळतं. त्या दारापर्यंत येतात, जेवताना समोर बसतात. वैतागू नये. एखादी माळ घ्यावी.

प्रवासी येतात ते नोव्हेंबर ते मार्च, थंडीत. तेव्हा गाव निम्मं रिकामं असतं, आणि त्यावरून ‘ओसाड नगरी’ असं लिहिलं जातं. खजूर पिकतो मात्र जुलै-ऑगस्टात. त्या हंगामाला गेतना म्हणतात. पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, आणि नुआकशोतची माणसं लेकराबाळांसह आद्रारच्या बागांत येऊन राहतात. खजूर, दूध, लग्नं, रात्री उशिरापर्यंत गप्पा. सोसवत असेल त्यानं तेव्हा जावं, निदान आठवडाभर. उन्हाची सवय असलेल्या विदर्भातल्या वाचकांना मी हे बेधडक सुचवतो.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. व्हिसासाठी आता आधी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. पैसे रोख न्यावेत. २०१८ मध्ये उगिया या चलनातलं एक शून्य उडवलं, पण बाजारात अजून जुन्या हिशेबानं भाव सांगतात. दहापट ऐकून घाबरू नये, जुने की नवे ते विचारावं. दारू देशभर बंद. शाकाहारी माणसाला भात, कुसकुस, पाव, कांदा-गाजराची भाजी आणि खजूर यावर दिवस काढता येतात, फक्त भाजी मांसाच्या रश्शातून काढलेली नाही ना, हे आधी बोलून घ्यावं. चहा पुदिन्याचा, तीन फेऱ्यांचा. तिसऱ्या फेरीआधी उठणं उद्धटपणाचं. आणि पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला विसरू नये. पिवळ्या तापाच्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत मॉरिटानिया आहे, आणि तो कागद नसेल तर मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर घरी जाण्याऐवजी विलगीकरणात जावं लागतं.

पुढच्या भागात वदान : शिंगेत्तीचं शेजारी आणि जुनं प्रतिस्पर्धी.